वाटप सापडत नाही

३ मार्च २०१६, गुरुवार

माणिकप्पा पेढे घेऊन आला. उदगीर जिल्हा होणार म्हणे, आणि या वेळी बातमी थेट वरून आहे म्हणे. त्याच्या बातम्या नेहमी वरूनच येतात, पाऊस तेवढा येत नाही. पेढा खाल्ल्यावर तहान लागली. गुरम्माने अर्धा पेला पाणी दिलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू नवा जिल्हा मी एकट्यानेच मागितला होता.

मागितला होताच म्हणा. कृती समितीच्या निवेदनावर माझी सही आहे. साध्या कागदासाठी लातूरला जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि हे मी तरणा होतो तेव्हापासून चाललंय. म्हणून आज जरा हुरूप आला. दुकान दिवाळीपासून बंदच आहे, दुष्काळात कापड कोण घेतो? तरी पाटीवरचं 'जि. लातूर' खरवडून 'जि. उदगीर' लिहिलं. रंग जुना, ब्रश कडक झालेला, पण वाचता येतं. मग आत जाऊन कॉम्प्युटरही लावला. आमच्या पोराने, विरूने, त्यात पिवळे डबे करून ठेवलेत, त्यातल्या एकाचं नाव 'लातूर' होतं. तेही 'उदगीर' केलं. नाव बदलायचं मला येतं. त्यानेच शिकवलं होतं, आमचं बोलणं होतं तेव्हा.

एवढ्या कामानेही दमलो. हल्ली पाटी रंगवली तरी धाप लागते.

४ मार्च, शुक्रवार

यंत्र म्हणतं, वाटप सापडत नाही.

रोज सकाळी काळी खिडकी उघडायची, इंग्रजीत 'वाटप' लिहायचं आणि एंटर मारायचा, एवढंच माझं काम. मग ते विचारतं, टँकर किती? एक लिहिलं की आज कुठल्या घराचा पहिला नंबर, कुणाला किती घागरी, सगळं छापून बाहेर. काल पुढे होता तो आज मागे जातो. त्यात वशिला चालत नाही, म्हणून गावात पाण्यावरून भांडण नाही, आणि म्हणूनच वाटपाचं काम लोकांनी माझ्याकडे ठेवलंय. हा प्रोग्रॅम विरूने केला, घर सोडायच्या आधी.

आज एंटर मारला तर पांढऱ्या अक्षरात एक लांब इंग्रजी ओळ आली. एकेक शब्द लावून वाचली. 'वाटप' हे आतलं म्हणूनही ओळखीचं नाही आणि बाहेरचं म्हणूनही नाही, असा काहीतरी अर्थ निघाला. वर्षभर हाक मारली की ओ देणारं, आज ओळखच दाखवेना. मोठ्या लिपीत लिहून पाहिलं, लहान लिपीत पाहिलं. बंद करून चालू केलं, पुसलं, वायर काढून परत खोचली. काल तर सगळं ठीक होतं. मी कशालाही हात लावलेला नाही.

शेवटी हाताने यादी लिहिली.

७ मार्च, सोमवार. महाशिवरात्र

उपवास. उपवासाचं काही वाटत नाही, तहानेचं वाटतं.

टँकरजवळ भांडण झालं. वेशीकडच्या गल्लीतली भामाबाई म्हणाली, "मशीन हुतं तवर आमी कायबी बोल्लो न्हाई, अप्पा. आता तुमी हातानं लिवलालाव, तर तुमचीच गल्ली वर कशी येऊलालीय?" आज आमच्या गल्लीचा नंबरच होता. पण तो नंबर माझ्या अक्षरात होता, यंत्राच्या नव्हता. भामाबाईने घागर रस्त्यात आडवी ठेवली आणि टँकरपुढे मांडी घालून बसली. तिला उठवता उठवता दुसऱ्या बायका मध्ये पडल्या, त्यांच्यात आपसात जुंपली. टँकरवाल्याला पुढचं गाव गाठायचं होतं, तो अर्धी टाकी तशीच घेऊन निघून गेला.

सरपंच संध्याकाळी दारात आले. म्हणाले, मशीन चालू करा, न्हाईतर वाटप दुसऱ्या कुणाकडं तरी देऊ. मला राग यायला पाहिजे होता. खरं सांगायचं तर, द्या कुणाला द्यायचं ते, असंच वाटलं. देवळात जाऊन बसलो. पिंडीवर या वर्षी नुसता बेल आहे, पाण्याची धार बंद केलीय.

९ मार्च, बुधवार

उदगीरहून दुरुस्तीवाला आणला. त्याने दोन-चार बटणं दाबली आणि म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. मी विचारलं, पुसलं तर वाटपाचं काय? म्हणाला, तेही जाईल, दुसरं घ्या. दुसरं कुठून घेऊ? ते काय बाजारात मिळतं?

गुरम्मा दारात उभी होती. एरवी ती त्या यंत्राच्या जवळही फिरकत नाही. आज पुढे येऊन म्हणाली, "त्यातलं काय बी पुसू दिऊ नका. विरूनं केलेलं हाय ते."  दुरुस्तीवाल्याला चहा देऊन वाटेला लावला. चहाला पाणी गेलं ते वेगळंच.

१० मार्च, गुरुवार

आज विरूशी बोललो. लिहून ठेवतो, कारण वर्ष होऊन गेलं.

त्याने भोकरच्या मुलीशी नांदेडला कचेरीत लग्न केलं. मुलगी आपल्यातली नाही, लिंगायत नाही. मी तेव्हा जे बोललो ते बोललो, दुकानाच्या पायरीला पाय लावू नको म्हणालो, आणि त्याने ते तंतोतंत पाळलं. त्यानंतर ना त्याचा फोन, ना माझा. माझं चुकलं असं मला वाटत नाही. पण एकुलता एक मुलगा एवढा आज्ञाधारक निघेल असंही वाटलं नव्हतं.

सकाळी गुरम्माने स्वतःच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. नंबर तिला पाठ होता. कसा काय, ते विचारायचं राहिलं.

"बोल की अव्वा," आईच आहे समजून पलीकडून आलं.

"मी हाय," मी म्हणालो.

मग काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. म्हणून थेट कामाचं बोललो, "वाटप सापडंना झालंय. मशीन वळखच देईना."

तो म्हणाला, "काय लिहून आलंय, तेवढं वाचून दाखवा, अप्पा." मी वाचलं. त्याने हे उघडा, ते उघडा सांगितलं. मग विचारलं, "'लातूर' नावाचा डबा कुठं गेला?"

"कुठं जाईल? हितंच हाय. नाव बदललंय. उदगीर केलंय."

तो हसला. फार दिवसांनी ऐकलं ते हसणं. म्हणाला, "अप्पा, मशीनला म्या सांगून ठेवलं हुतं की वाटप लातूरच्या डब्यात मिळंल. ते बिचारं अजून लातूरच हुडकूलालंय. नाव परत लातूर करा, आत्ता चालू हुईल."

"ते व्हायचं न्हाई."

"जिल्हा झाला का पण?"

"हुईल. माझी सही हाय त्याच्यावर. एकदा बोललेलं मी माघारी घेत नसतो."

"ते म्हाईत हाय मला," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं. दुसरा रस्ता हाय. एक ओळ लिहायची, म्हणजे मशीन उदगीरच्या डब्यात बी बघतंय. पण खिडकी बंद केली की विसरतंय. रोज नव्यानं सांगावं लागंल. रोज फोन करावा लागंल तुमाला."

"करीन. गावच्या पाण्याचं काम हाय, त्याला काय हुतंय?"

मग त्याने सांगितलं आणि मी एका बोटाने टाईप केलं. सेट. मोकळी जागा. पाथ. बरोबरचं चिन्ह. टक्क्याचं चिन्ह. पाथ. परत टक्का. अर्धविराम. सी. दोन टिंबं. उलटी तिरपी रेघ. उदगीर. एंटर. त्यानंतर 'वाटप' लिहिलं आणि यादी छापून आली. मी "आली" म्हणालो आणि फोन ठेवला. गुरम्मा हात पुढे करून उभी होती, तिला बोलायचं होतं, ते नंतर लक्षात आलं.

१२ मार्च, शनिवार

काल आणि आज, दोन्ही दिवस फोन केला. यंत्र खरंच सगळं विसरतं. आमच्या दुकानात गुमास्ता होता मलप्पा, त्याला एकदा सांगितलेलं कपाट जन्मात विसरत नसे. एवढं महागाचं यंत्र, आणि रोज ओळख करून द्यावी लागते.

भामाबाई गप्प आहे. आज उलट तिचाच पहिला नंबर आला. माझ्याकडे बघून म्हणाली, "मशीन बरं दिसतंय." मी बरा दिसतो का, हे कुणी विचारत नाही.

१६ मार्च, बुधवार

गुरम्मा म्हणते, रोज फोन कशाला, लिहून घ्या की ती ओळ. लिहून घेतलेली आहे. कॅलेंडरच्या कडेला मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलीय. काल ती बघून एकट्याने करूनही पाहिलं, चाललं. पण नुसत्या कागदाचा भरवसा काय? माणसाच्या तोंडून ऐकलेलं बरं असतं. मग खिडकी बंद करून फोन लावला आणि रीतसर पहिल्यापासून केलं.

विरू फार सावकाश सांगतो. मध्येच विचारतो, गुडघा कसाय, जेवण जातं का, आमच्या वाट्याला किती घागरी येतात. मीही विचारलं, नांदेडला पाण्याचं कसं? म्हणाला, हितंबी बोंबच हाय, आमी तिसऱ्या मजल्यावर, खालून भरून आणतो. 'आमी' म्हणाला. मी पुढचं चिन्ह विचारलं.

शेवटी फोन गुरम्माला दिला. ती आतल्या खोलीत घेऊन गेली.

२४ मार्च, गुरुवार. धुळवड

रंग नाही, पाणी नाही. सुट्टीमुळे टँकरही नाही. लहान पोरांनी एकमेकांच्या अंगावर नुसती माती उडवली आणि आयांचा मार खाल्ला, कारण आता त्यांना धुवायचं कशाने.

यादी काढायची नव्हती, तरी फोन करून एकदा सगळी ओळ म्हणून घेतली. सराव राहतो.

३० मार्च, बुधवार

आजचं कसं लिहावं कळत नाही.

अर्ध्यापर्यंत आलो होतो. टक्क्याचं पहिलं चिन्ह झालं होतं. विरू थांबला. मी म्हणालो, "पुढं?"

तो म्हणाला, "अप्पा, मुलगी झालीय. दिवाळीच्या टायमाला."

मी कीबोर्डकडे बघत होतो.  मी म्हणालो, "टक्क्यानंतर काय?"

त्याने सांगितलं. पाथ, टक्का, अर्धविराम, सगळं. घाईने सांगितलं, आणि मी "आली" म्हणायच्या आत फोन ठेवला.

गुरम्माला सांगितलं, विरूला मुलगी झालीय. ती "हं" म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. तिला काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. दिवाळीनंतर ती देगलूरला बहिणीकडे गेली होती ती पंधरा दिवस राहून आली, तेव्हापासूनच अशी आहे. कशाचं आश्चर्य नाही, कशाचा राग नाही.

दिवाळीत झाली म्हणजे पाचवा महिना चालू असेल. गळ्यात अजून लिंग बांधलेलं नसणार. तिथे कोण बांधणार? कुणाला सुचणार?

३१ मार्च, गुरुवार

फोन उचलला नाही. दोनदा लावला, पूर्ण वाजू दिला. यादीला उशीर होत होता म्हणून भिंतीवरचं बघून स्वतःच टाईप केलं. यादी निघाली. अगदी बरोबर निघाली, पाणी सगळ्यांना मिळालं, कुणी भांडलं नाही. आणि मला भाकर गेली नाही. 

भामाबाई यादी न्यायला आली होती. जाताना म्हणाली, "काय अप्पा, आज फोनवर बोलणं न्हाई झालं जनू?" म्हणजे हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी तिला म्हणालो, तुझा नंबर अकरावा आहे, तो बघ.

२ एप्रिल, शनिवार

काल परत उचलला नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वाक्य जुळवलं होतं. "परवा माझं लक्ष यंत्रात होतं, नीट ऐकू आलं नाही." खोटं आहे, पण कामाला येण्यासारखं होतं. सकाळी फोन लावला तर बाईचा आवाज आला.

"अप्पा, मी बोलते. ते खाली पाणी भरून राहिले. तुमचं मशीनचं मला सांगून ठेवलंय त्यांनी. मी सांगू का?"

काय म्हणणार? यादी काढायची होती. मी "हं" म्हणालो. तिने सांगायला सुरुवात केली. प्रत्येक चिन्हानंतर थांबे. "झालं का, अप्पा?" म्हणे. मी "हं" म्हटल्याशिवाय पुढे जात नसे. उलट्या तिरप्या रेघेला मी नेहमी चुकतो, तर तिने आधीच सांगितलं, "एंटरच्या वरची, अप्पा, प्रश्नचिन्हाजवळची न्हाई." तिचं सांगणं विरूपेक्षा सुटसुटीत आहे, हे मान्य केलं पाहिजे. फोनच्या अगदी जवळ लहान लेकरू आपल्याशीच काहीतरी बोलत होतं. कडेवर असणार. यादी छापून संपली तरी मी ते ऐकत होतो.

"आली का?" तिने विचारलं.

"आली."

"शरणार्थ, अप्पा," ती म्हणाली.

हे तिला कुणी शिकवलं? भोकरच्या त्यांच्या घरात तर कुणी म्हणत नसेल. मला उत्तर द्यायला पाहिजे होतं. समोरच्याने शरणार्थ म्हटल्यावर आपण तोंड मिटून बसायचं, ही आपल्यातली रीत नाही. पण फोन ठेवून झाला होता. रिकाम्या दुकानात एकटाच म्हणालो, शरणार्थ.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा

गुढी उभारली. कडुलिंबाला मात्र पाला भरपूर, त्याला दुष्काळ कळत नाही.

माणिकप्पा भेटला, जिल्ह्याचा विषय काढेना. मी विचारलं तर म्हणाला, वरून काही नाही. लातूरला रेल्वेने पाणी आणणार आहेत असं मात्र सगळे बोलतायत. ज्या लातूरच्या नावावर मी रंग मारला, तिथले लोक आता रुळाकडे बघत बसलेत. मला काही चांगलं वाटलं नाही.

विरू आता फोन उचलतो. पण ओळ सांगतो आणि ठेवतो. गुडघ्याचं विचारत नाही. मी आपणहून म्हणालो, गुडघा बरा हाय. तो म्हणाला, बरं. आज सुनेचा आवाज आला नाही, लेकराचाही नाही. झोपलं असेल.

११ एप्रिल, सोमवार

सरपंचांनी आज न विचारताच एक बाई आणली. महानंदा नाव, उदगीरला कॉम्प्युटरचा क्लास चालवते, आमच्या गावात मावशीकडे आली होती. सरपंच म्हणाले, अप्पांना रोज फोन करत बसावं लागतं, यादीला उशीर होतो, तेवढं बघ. चांगुलपणानेच म्हणाले.

ती बसली, मला काय काय होतं ते विचारलं, कॅलेंडरवरची ओळ वाचली आणि हसली. "मामा, हे कुणी दिलं तुम्हाला?"

"मुलगा हाय नांदेडला. त्याच्यातच शिकलाय."

"शिकलेला दिसतोय. मग हे असं का दिलं?" ती म्हणाली. "हे तर खिडकी बंद केली की जातंय. कायमचं लावून ठेवता येतं की. आणि तेही नको असलं, तर नुसतं उदगीरच्या डब्यात जाऊन 'वाटप' म्हणलं तरी चाललं असतं, एवढीशी ओळ. रोज एवढं लांबलचक कशाला लिहायला लावलं?"

"त्याला म्हाईत नसंल," मी म्हणालो.

"हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला म्हाईत न्हाई?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कुठल्या तरी खिडकीत जाऊन नाव घातलं, ओके केलं, यंत्र बंद करून परत चालू केलं. मला म्हणाली, आता करा. मी 'वाटप' लिहिलं, एंटर मारला. टँकर किती? लगेच विचारलं.

"झालं, मामा. आता कुणाला फोन करायची गरज न्हाई."

सरपंचांनी टाळी वाजवली. मीही हसलो, हसावं लागतं. ती गेल्यावर कॅलेंडरवरची ओळ वाचत बसलो. एवढी फी भरून पोराचं शिक्षण अर्धवटच राहिलं म्हणायचं. महिनाभर माझं एक बोट झिजवलं, आणि साधी गोष्ट त्याला सुचली नाही.

आज फार दमायला झालं. काम तर काहीच केलं नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

सकाळी एंटर मारला आणि यादी आली. चहा निवायच्या आत काम संपलं. भामाबाई येऊन घेऊन गेली, टँकर थांबतो तिथल्या पिंपळाला चिकटवलीसुद्धा. मी यंत्र बंद केलं, आणि तिथेच खुर्चीवर बसून राहिलो. फोनची वेळ झाली. फोन करून काय सांगणार? यंत्र नीट झालं, हे सांगायला एकदा करता येईल. मग उद्या?

केला नाही. वेळ टळून गेली तरी खुर्चीवरून उठवलंही नाही. तेवढ्यात त्याचाच आला.

"अप्पा, आज फोन न्हाई तुमचा."

"करणारच हुतो."

"काय म्हणूलालंय मशीन?"

समोर यंत्र बंद, काळं. यादी पिंपळावर. मी म्हणालो, "सापडंना म्हणतंय."

का तसं म्हणालो ते आत्ता लिहितानाही सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं.

तो मग म्हणाला, "बरं. लिहा. सेट."

"सेट," मी म्हणालो. बोट बटणावर ठेवलं. बंद यंत्राची बटणंही टकटक वाजतात.

"मोकळी जागा."

"हं."

"पाथ. सावकाश लिहा, मला घाई न्हाई."

सगळी ओळ झाली. आज त्याने इतक्या सावकाश सांगितली की मधल्या वेळात गुडघ्याचं झालं, अव्वाच्या खोकल्याचं झालं, लेकराला पहिला दात येतोय ते झालं. दात येताना ताप येतो, मी म्हणालो, लक्ष ठेवा. तो "हाव" म्हणाला. मग म्हणाला, "एंटर मारा."

"मारला."

"निघाली?"

"न्हाई."

"परत सांगू का?"

"परत सांगून काय व्हायचं न्हाई," मी म्हणालो. "फोनवर हे जमत नसतंय, विरू. तूच यिऊन बघ."

 मग त्याने विचारलं, "एकटाच येऊ का, अप्पा?"

"एकटा कामून? लेकराला तिथं कोण बघंल?"

"आन् तिची आई?"

"ती चांगलं सांगती मशीनचं," मी म्हणालो. "तुज्यापेक्षा बरं. तिलाच बसव समोर."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, रविवारी सुट्टी हाय, सकाळच्या गाडीनं येतो. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

गुरम्मा आतल्या दारात होती. डोळे पुसत हसत होती. म्हणाली, "त्याला तर म्या दिवस उगवायलाच फोन करून सांगितलं हुतं, मशीन कायमचं नीट झालं म्हणून."

मला काही उमजेना. "त्याला म्हाईत हुतं? मग एवढी सगळी ओळ परत कामून सांगत बसला मला?"

ती घागरीवर झाकण ठेवून आत गेली.

संध्याकाळी मठातल्या स्वामींकडे जाऊन आलो. रविवारी लेकराला लिंग बांधायचं, या म्हणून सांगितलं. ते म्हणाले, आईबाप दोघं बसतील ना? मी म्हणालो, बसतील.

आता पाण्याचं बघितलं पाहिजे. रविवारी टँकर नसतो. यादीत आमच्या घराला दोनच माणसांच्या घागरी आहेत, आणि त्यात मी एकही वाढवणार नाही, भामाबाई बसलीच आहे. गुरम्माला सांगितलं, आजपासून माझ्या अंघोळीचं पाणी रांजणात बाजूला ठेव. लहान लेकराला रोज अंघोळ लागते.